एक्स-रेचा तो ठिपका क्लस्टरचा आहे की ब्लॅकहोलचा, घरच्या लॅपटॉपवर कसं ओळखाचं

राजेहो, पहिले एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, म्हणजे कोणी उगाच दुर्बीण विकत घ्याच्या मागं लागणार नाई. एक्स-रे आपल्या वातावरणातून खाली येतच नाईत, वरच्या वर शोषल्या जातात. तुम्ही लोणारच्या काठावर बसा नाई तर पेंचच्या जंगलात जा (२०२४ मध्ये पेंच देशातला पहिला डार्क स्काय पार्क झाला, अन् इथल्याच लोकांना पत्ता नाई), एक्स-रेमधलं आकाश काई दिसणार नाई. ते काम उपग्रहांचं. त्यांनी जमवलेला डेटा मात्र फुकट आहे, कोणालाही उघडा आहे, अन् तो पाहायला एक बरा लॅपटॉप अन् रात्री दहानंतरचं नेट पुरते. दिवसा आमच्याकडं नेट रांगते, म्हणून हे काम रात्रीचंच.

आता मुद्दा काय आहे. एक्स-रेच्या नकाशात ठिपके दिसतात, ढिगानं. एखादा ठिपका कशाचा आहे हे ओळखाचं, अन् तो गॅलॅक्सी क्लस्टरचा (म्हणजे गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेल्या गॅलॅक्स्यांच्या घोळक्याचा) असेल तर पुराव्यानिशी तसं म्हणाचं, एवढंच काम. नवीन माणूस काय करते, ठिपक्याच्या सगळ्यात जवळची गॅलॅक्सी पकडते अन् म्हणते हीच ती. तसं नाई चालत भाऊ. प्रश्न असा विचाराचा की हे एक्स-रे तापलेल्या गॅसमधून येऊन राहिले, की ब्लॅकहोलच्या आजूबाजूनं, की दोन्हीकडून.

गॅस म्हणजे कोणता, तर क्लस्टरमध्ये शेकडो, कधी हजारावर गॅलॅक्स्या असतात पण त्याच्या एकूण वजनात ताऱ्यांचा वाटा अगदी थोडा. मोठा वाटा डार्क मॅटरचा, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचा, अन् त्याच्या खालोखाल गॅलॅक्स्यांच्या मधल्या जागेत भरून राहिलेल्या गॅसचा, तो सगळ्या ताऱ्यांच्या वजनाच्या कितीतरी पट भरते. क्लस्टरच्या गुरुत्वाकर्षणात पडून हा गॅस इतका तापते की तापमान एक कोटी ते दहा कोटी डिग्रीच्या घरात जाते, अन् मंग त्यातले इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाच्या बाजूनं जाताना वळले की एक्स-रे बाहेर पडतात. हिवाळ्यात पहाटे शेतातून गावाकडं पाहा, कोणाची चूल कोणती ते दिसत नाई पण सगळ्या गावावर धुराचा एक थर बसलेला असते, क्लस्टरचा एक्स-रे तसा पसरट असते. ब्लॅकहोलचा एका जागचा, बिंदूसारखा. अर्धी ओळख यातच झाली, बाकीची अर्धी म्हणजे यात फसाच्या जागा माहीत असणं.

ठिपका हातात घ्याच्या आधी एक हिशोब डोक्यात ठेवा. २०२४ च्या जानेवारीत इरोसिटा दुर्बिणीच्या पहिल्या सर्व्हेची यादी आली, अर्ध्या आकाशाची. त्यात जवळपास ९ लाख एक्स-रे स्रोत. त्यातले सात लाखाच्या वर दूरच्या गॅलॅक्स्यांमधले ब्लॅकहोल, १ लाख ८० हजार आपल्याच आकाशगंगेतले तारे, अन् क्लस्टर किती, तर १२ हजारच्या वर थोडे. म्हणजे शंभरात एखादा. म्हणून कोणी मला फोटो पाठवून म्हटलं की क्लस्टर सापडला तर माझं पहिलं उत्तर ठरलेलं असते, नसेल, ब्लॅकहोल असेल, आता नाई हे तू दाखव.

सुरुवात अनोळखी ठिपक्यापासून बिलकुल करू नका. पहिले डोळ्याला सवय लावाची. ईसास्काय नावाची युरोपियन स्पेस एजन्सीची वेबसाईट आहे, ब्राउझरमध्येच चालते, काई इन्स्टॉल कराचं नाई, मोबाईलवरही उघडते पण मोबाईलवर डोळे फुटतात. तिथं सर्चमध्ये परसियस क्लस्टरचं नाव टाका. साध्या प्रकाशाच्या लेयरवर मधात एनजीसी १२७५ नावाची मोठी पिवळट गॅलॅक्सी दिसेल, आजूबाजूला बारक्या बारक्या. मंग लेयर बदलून एक्स-रेची लावा. गॅलॅक्स्या गायब, अन् त्यांच्या मधात जी जागा काळी दिसत होती तीच सगळी उजळलेली. एक्स-रेच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी क्लस्टर हाच. आता थ्रीसी २७३ टाका, हा क्वेसार आहे, म्हणजे दूरच्या गॅलॅक्सीतला जोरात चालू असलेला ब्लॅकहोल, कन्या राशीतला. साध्या प्रकाशात ताऱ्यासारखा, एक्स-रेतही एकच झणझणीत बिंदू. या दोघांमध्ये इकडून तिकडं, तिकडून इकडं जात राहा, फरक अंगात मुरला पाहिजे.

आता खरा नमुना घेऊ, आरएक्स जे१३४७.५-११४५. नाव पाहून घाबराचं कारण नाई, या नावातच पत्ता आहे. आरएक्स म्हणजे रोसॅट, १९९० मध्ये सोडलेला जर्मन उपग्रह, त्यानं हा पाहिला. सीएक्सओ असलं तर चंद्रा, फोरएक्सएमएम असलं तर एक्सएमएम-न्यूटन (हे दोन्ही १९९९ चे एक्स-रे उपग्रह; पुढं चंद्राचा फोटो, चंद्राचा डेटा म्हटलं की हा उपग्रह, आकाशातला चंद्र नाई), वनई असलं तर आइनस्टाइन उपग्रह. जे म्हणजे २००० सालच्या मोजणीतला पत्ता, जे नसेल अन् यादी जुनी असेल तर १९५० चा असू शकते अन् मंग जागा थोडी सरकते, तिथं लोकं हमखास चुकतात. पुढं १३ तास ४७.५ मिनिटं, अन् दक्षिणेकडं ११ अंश ४५ कला (कला म्हणजे आर्कमिनिट, अंशाचा साठावा भाग). तासाचे अंश कराचे तर १५ नं गुणाचं, १३ तासाचे १९५, अन् ४७.५ मिनिटाचे ११.८७५, मिळून २०६.८७५ अंश. दुसरा आकडा उणे ११.७५. हे दोन आकडे कोणत्याही वेबसाईटवर टाका, त्याच जागी पोचाल.

अन् ही जागा आकाशात कुठं आहे माहीत आहे का, आपल्या चित्रा नक्षत्राच्या बाजूला, चित्राच्या ताऱ्यापासून पूर्वेकडं साधारण साडेपाच अंश. हात लांब करून मधली तीन बोटं जोडली तर तेवढं अंतर होते. जानेवारीत रात्रीची लाईन असते, हरभऱ्याला पाणी द्यायला दोन-तीन वाजता शेतात उभं राहावं लागते, तेव्हा पूर्वेकडं चित्रा चांगली वर आलेली असते. तिच्या खाली तीन बोटं मोजा. डोळ्याला तिथं काईच दिसणार नाई, पण जागा ती.

जागा सापडली की पहिले पाहाचं की एक्स-रेच्या यादीत जागेची चूक किती दिली आहे. ही गोष्ट लोकं वाचतच नाईत. रोसॅटच्या सगळ्या आकाशाच्या सर्व्हेत १० ते २० आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) चूक चालते, अन् तेवढ्या गोलात चांगल्या खोल फोटोवर पाच-सात अंधुक गॅलॅक्स्या सहज बसतात, मंग त्यातली कोणती धराची? चंद्राची चूक एका आर्कसेकंदाच्या आसपास, तिथं एकच उमेदवार उरते. म्हणून जागेसाठी चंद्राचा डेटा असेल तर तोच घ्याचा. गोलात तारा आहे का तेही तपासा. गाया उपग्रहाच्या यादीत तो जागेवरून सरकताना दिसला तर तो आपल्याच आकाशगंगेतला तारा, बारके लाल तारेही एक्स-रे बक्कळ फेकतात, अन् मंग विषय तिथंच संपला. आकाशगंगेच्या पट्ट्यात तर जाऊच नका, तिथला गॅस अन् धूळ एक्स-रे गिळून टाकते अन् फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेषही पसरट दिसतात.

मंग पसरट की बिंदू. ऐकायला सोपं आहे पण सगळ्यात जास्त घोळ इथंच. कारण प्रत्येक दुर्बिणीला बिंदूसुद्धा थोडा पसरलेलाच दिसते. चंद्राला मधोमध अर्ध्या आर्कसेकंदाएवढा, एक्सएमएमला साधारण १५, इरोसिटाच्या सर्व्हेत ३० च्या आसपास. दूरचा क्लस्टर असला, समजा रेडशिफ्ट १ चा (रेडशिफ्ट म्हणजे प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू दूर), तर तिथं एक आर्कसेकंद म्हणजे ८ किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे साधारण सव्वातीन हजार प्रकाशवर्षं), अन् गॅसचा दाट भाग दीडशे किलोपार्सेकचा धरला तर तो भरते १९ आर्कसेकंद. म्हणजे चंद्राला तो मस्त पसरट दिसेल, एक्सएमएमला काठावर, अन् इरोसिटाला बिंदूच. याद्यांमध्ये यासाठी वेगळा कॉलम असते. फोरएक्सएमएमच्या यादीत पसाऱ्याचा आकडा आर्कसेकंदात देतात अन् सहाच्या खाली असला तर सरळ शून्य लिहितात. इरोसिटाच्या यादीत पसरट असण्याची शक्यता सांगणारा आकडा असते, क्लस्टरच्या यादीसाठी तो तीनच्या वर लागते. पण निव्वळ आकड्यावर जाऊ नका, दोन ब्लॅकहोल जवळजवळ असले तर दोन्ही मिळून एक पसरट डाग दिसते अन् आकडा खुशाल मोठा येते. अजून एक, चंद्राचा फोटो मधात धारदार अन् कडेला फुगलेला असते, कडेचा बिंदू लांबट अंड्यासारखा दिसते. ठिपका फोटोत कुठं आहे ते पहिले पाहा, मंगच पसरट म्हणा.

आपल्या नमुन्याचं सांगतो. चंद्राच्या फोटोत मधोमध आहे अन् एकदम पसरट, उजळ मध्य अन् चहूकडं उतरत जाणारा उजेड. इथपर्यंत क्लस्टरच्या बाजूनं झालं. आता साध्या प्रकाशात पाहाचं. पॅनस्टार्स नावाच्या आकाश-सर्व्हेची लेयर लावा, या जागेसाठी ती आहे, अन् हबलचा फोटो मिळाला तर सोनं. मधात दोन तेजस्वी गॅलॅक्स्या दिसतील, जवळजवळच, अन् भोवती एकाच पिवळट-लालसर रंगाच्या बारक्या गॅलॅक्स्यांचा घोळका. रंग एकसारखा असणं महत्त्वाचं, घोळका कसाही दिसू शकते. क्लस्टरमधल्या म्हाताऱ्या गॅलॅक्स्यांमध्ये नवीन तारे बनणं थांबलेलं असते, म्हणून त्यांच्या प्रकाशात ४००० अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबीचं माप) खाली एकदम घसरण येते, अन् गॅलॅक्सी जितकी दूर तितकी ही घसरण लाल बाजूला सरकते. एकाच अंतरावरच्या सगळ्यांची सारखीच सरकते म्हणून रंग सारखा. आपल्या नमुन्यात ती ५८०० च्या आसपास पडते, म्हणजे हिरव्या अन् लाल फिल्टरच्या मधात. रेडशिफ्ट १ असलं की ८००० वर, तिथं मंग जवळच्या इन्फ्रारेडचे फिल्टर लागतात, साध्या फोटोत ते क्लस्टर दिसतच नाईत अन् लोकं म्हणतात इथं काईच नाई. हबलच्या फोटोत बारक्या निळसर वाकड्या रेघा दिसल्या तर त्या मागच्या गॅलॅक्स्या, क्लस्टरच्या गुरुत्वाकर्षणानं वाकवलेल्या. तशी एक रेघ मला दहा आकड्यांपेक्षा भारी वाटते, कारण तिथं वजन आहे हे ती सरळ डोळ्यासमोर दाखवते.

पण रंग म्हणजे पुरावा नाई, नुसता इशारा आहे. खरं काम रेडशिफ्टचं, अन् तेही स्पेक्ट्रम घेऊन, म्हणजे प्रकाश रंगारंगात फोडून मोजलेलं. नेड नावाची गॅलॅक्स्यांची ऑनलाईन यादी उघडा, नाव टाकून आजूबाजूच्या ५ आर्कमिनिटातल्या वस्तू मागा. लांबलचक यादी येईल. त्यातल्या ज्यांना रेडशिफ्ट दिलं आहे तेवढ्या ठेवा, बाकीच्या उडवा, अन् ज्यांचं रेडशिफ्ट नुसत्या रंगावरून काढलं आहे त्या वेगळ्या रंगात करून ठेवा, त्यात शंभरात दोन-पाचची चूक सहज असते. आता वहीवरच आडवी रेघ मारून प्रत्येक रेडशिफ्टला एक टिंब द्या. क्लस्टर असेल तर टिंबांचा एका जागी ढीग होते. ढीग किती रुंद असला पाहिजे याचाही हिशोब आहे. क्लस्टरमधल्या गॅलॅक्स्या मधल्या वेगाच्या मागं-पुढं सेकंदाला जास्तीत जास्त तीनेक हजार किलोमीटरनं धावतात. तीन हजार भागिले प्रकाशाचा वेग तीन लाख, झाले ०.०१, त्याला एक अधिक रेडशिफ्टनं गुणाचं. आपल्या नमुन्याचं रेडशिफ्ट ०.४५१, म्हणून गुणाकार ०.०१४५. म्हणजे ०.४३७ ते ०.४६५ च्या मधातले आपले, बाहेरचे पाहुणे. फोटोत क्लस्टरच्या अगदी मधात दिसणारी गॅलॅक्सी ०.२ ची निघाली तर ती रस्त्यात उभी आहे, कितीही सुंदर असली तरी खोडा.

०.४५१ म्हणजे तो प्रकाश साडेचार-पावणेपाच अब्ज वर्षांपूर्वी निघाला, पृथ्वी बनायच्या आसपास. हे पोट्ट्यांना सांगितलं की ते पुढचं सगळं ऐकतात, म्हणून मी हे नेहमी पहिले सांगतो.

एक्स-रेचा स्वतःचा स्पेक्ट्रम असेल तर अजून पक्कं करता येते. क्लस्टरच्या गॅसमध्ये लोखंड असते, फुटलेल्या ताऱ्यांमधून आलेलं, अन् इतक्या तापमानात त्याचे बहुतेक इलेक्ट्रॉन उडालेले असतात, म्हणून त्याची रेघ ६.७ केईव्हीला (केईव्ही म्हणजे एक्स-रेच्या ऊर्जेचं माप) येते. ब्लॅकहोलच्या भोवतीचं लोखंड बरंचसं थंड असते, त्याची रेघ ६.४ ला. रेडशिफ्टनं दोन्ही खाली सरकतात, ६.७ भागिले १.४५१ म्हणजे ४.६२. स्पेक्ट्रममध्ये ४.६ च्या जवळ उंचवटा दिसला तर एक्स-रे देणारा गॅस अन् त्या गॅलॅक्स्या एकाच अंतरावर आहेत हे सिद्ध झालं, याच्यावरचा पुरावा नाई. या क्लस्टरचं तापमान १० केईव्हीच्या वर भरते, म्हणजे ११ कोटी डिग्रीच्याही पुढं, जिथं दोन क्लस्टर एकमेकांत घुसून राहिले असतात तिथं असं होते. अंधुक ठिपक्यांना ही रेघ मिळत नाई, फोटॉनच पुरत नाईत. तिथं नरम (कमी ऊर्जेच्या) अन् कडक (जास्त ऊर्जेच्या) एक्स-रेचं प्रमाण पाहतात पण ते मी कच्चा पुरावा धरतो, कारण गॅसच्या पडद्यामागचा ब्लॅकहोल अन् खूप तापलेला क्लस्टर दोघंही कडक दिसतात.

आता फसाची सगळ्यात मोठी जागा, अन् मोठमोठे शास्त्रज्ञही इथं फसले आहेत. फिनिक्स क्लस्टर. रेडशिफ्ट ०.६ च्या आसपास, आपल्याकडून दक्षिणेला बराच खाली दिसणाऱ्या भागात. याचा एक्स-रे रोसॅटला कधीचाच दिसला होता, भरपूर तेजस्वी, पण बिंदूसारखा, कारण मधल्या गॅलॅक्सीचा ब्लॅकहोल जोरात चालू आहे अन् गॅसही मधातच दाटलेला. म्हणून क्लस्टर आहे असं कोणाच्या लक्षात आलं नाई. मंग साऊथ पोल टेलिस्कोपनं वेगळ्याच वाटेनं तो पकडला. विश्वाच्या सुरुवातीपासून येणारे मायक्रोवेव्ह क्लस्टरच्या तापलेल्या गॅसमधून जातात तेव्हा त्यांच्यावर एक बारीक सावली पडते, ती त्यानं पाहिली. २०१२ मध्ये जगभर गाजला, मधल्या गॅलॅक्सीत वर्षाला शेकडो सूर्य भरतील एवढे तारे बनतात म्हणून. यानंतर काई शास्त्रज्ञांनी रोसॅटच्या जुन्या यादीतले बिंदू परत चाळायला घेतले, की अजून असे किती लपले असतील, अन् त्यांना सापडलेही. म्हणून ठिपका बिंदू आहे, गॅलॅक्सीत ब्लॅकहोलही आहे, एवढ्यावर पाटी पुसू नका. ब्लॅकहोलवाल्या गॅलॅक्सीभोवती त्याच रेडशिफ्टचा लाल घोळका आहे का ते पाहा, असेल तर दोन्ही लिहा.

उलटंही होते. छान लाल घोळका, पक्का क्लस्टर, अन् त्याच्या मधोमध एक्स-रेचा ठिपका, सगळे खूश, अन् चंद्राच्या फोटोत पाहिलं तर तो ठिपका मधल्या गॅलॅक्सीपासून चार आर्कसेकंद बाजूला, एका निळ्या बारक्या बिंदूवर, अन् तो निघते रेडशिफ्ट २ चा क्वेसार, क्लस्टरच्या कितीतरी मागं. घोळका खरा, एक्स-रेही खरा, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाई. म्हणूनच अंतर जुळल्याशिवाय नातं लावाचं नाई.

यात रेडिओची मदत घ्या, अन् ती तर आपल्या महाराष्ट्रातूनच आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. त्यांच्या १५० मेगाहर्ट्झच्या सर्व्हेची लेयर फुकट पाहायला मिळते. मधल्या गॅलॅक्सीवर रेडिओचा ठिपका अन् दोन्ही बाजूला फवारे दिसले तर ब्लॅकहोल चालू आहे हे समजा, अन् मंग एक्स-रेमधला किती वाटा त्याचा असेल हा प्रश्न आपोआप उभा राहते.

फार दूरच्या मागं लागणाऱ्यांना एकच सांगतो. पसरट उजेड एक अधिक रेडशिफ्टच्या चौथ्या घातानं मंद होते. आपला नमुना साडेचार पट मंद, रेडशिफ्ट १ चा १६ पट, अन् २.५ चा दीडशे पट. २०१६ मध्ये २.५०६ रेडशिफ्टचा सीएल जे१००१+०२२० हा क्लस्टर चंद्राच्या डेटात पसरट एक्स-रेसकट सापडल्याचं जाहीर झालं, पण तो आकाशाचा असा तुकडा आहे की तिथं दुनियेतल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणींनी खूप खूप वेळ दिला. मायक्रोवेव्हची ती सावली मात्र अंतरानं मंद होत नाई, म्हणून दूरच्या क्लस्टरसाठी तीच वाट बरी.

वहीत लिहिताना तीन रकाने ठेवा, क्लस्टर, ब्लॅकहोल अन् दोन्ही, अन् चौथा 'रेडशिफ्ट नाई' असा. चौथाच सगळ्यात भरते, भरू द्या. अन् नवीन सापडलं असं वाटलं की बोंब माराच्या आधी सिंबाड नावाच्या ऑनलाईन यादीत तो पत्ता टाकून पाहा, बहुतेक वेळा कोणीतरी नाव ठेवून मोकळं झालेलं असते.

पुढचा सराव एबेल २६३१ वर करा. मीन राशीत आहे, २३ तास ३७.७ मिनिटं, उत्तरेला पाव अंशाच्या थोडं वर. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका अन् आयसरच्या लोकांनी सरस्वती नावाचा महासमूह शोधला, निदान ४३ क्लस्टरचा, त्याच्या गाभ्यातला हा. इथं स्पेक्ट्रमवाल्या रेडशिफ्टची ददात नाई, स्लोन सर्व्हेनं हा पट्टा पुन्हा पुन्हा पाहिला आहे, म्हणून टिंबांचा ढीग चांगला बनते. ढिगाचा मध्य ०.२७-०.२८ ला आला पाहिजे, रुंदी किती ते वरच्या हिशोबानं स्वतः काढा, अन् लोखंडाची रेघ कुठं पडेल तेही. पण या पट्ट्यात शेजारचे क्लस्टरही जवळपास त्याच रेडशिफ्टचे आहेत, म्हणून शोधाचा गोल मोठा केला की त्यांच्या गॅलॅक्स्या ढिगात घुसतात, गोल ५ आर्कमिनिटाच्या पुढं नेऊ नका.